चाळीस जीबीची वाटणी

अप्पा,

आज सकाळपासून घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायला बसले आहे. मशीन जुनं झालंय, त्यावरची विंडोज आता पुढं चालायची नाही, आणि नवं मशीन घ्यावं इतकं माझं घरी काम नसतं. पेनड्राइव्ह लावला. त्यानं भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, आणि मग तो पडदा आला, डिस्कचे भाग कसे पाडायचे ते विचारणारा. सगळी डिस्क पुसून टाका, नाहीतर तुमचे भाग तुम्ही पाडा. मुदखेडच्या ज्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळते तिथं हा पडदा मी शेकडो वेळा ओलांडलाय. नांदेडहून सकाळच्या गाडीनं जायचं, ओळीनं मशीनं चालू करायची, एकेकावर पुढे, पुढे, पुढे करत जायचं. तिथं हात थांबत नाही. आज घरी थांबला. तासभर झाला, पडदा तसाच आहे आणि मी शेजारी वही घेऊन बसलेय. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही.

तो पहिला कॉम्प्युटर तुम्ही माझ्यासाठी आणला होता. नांदेडला इंजिनियरिंगला नंबर लागला त्या उन्हाळ्यात, लातूरच्या तुमच्या मित्राच्या दुकानातून, एकेक भाग जोडून घेतलेला. हॉस्टेलवर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून तो घरीच राहिला, बाहेरच्या खोलीत, तुमच्या खाटेशेजारी. मी सुट्टीत यायचे तेव्हा माझा. एरवी तुमचा झाला. मित्रानं त्यात मराठी अक्षरं टाकून दिली आणि तुम्ही एका बोटानं टाइप करायला शिकलात. आईला गंमत वाटायची. ती म्हणायची, "म्हाताऱ्याला नवीन बायको मिळाली." तुम्ही हसायचात नि परत त्या बोटाकडं बघत बसायचात.

तुम्ही काय टाइप करत होता ते तेव्हा मला फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. पाण्याच्या खात्यात तुम्ही विहिरी मोजायचात. खात्याला वर्षातून मोजके आकडे लागायचे. तुम्ही मात्र दर अमावास्येला, खात्यानं सांगितलेलं नसताना, रेणापूर आणि चाकूरकडच्या अकरा गावांतल्या विहिरी स्वतःच्या लुनावर जाऊन मोजायचात. लहानपणी एकदा मला घेऊन गेला होता. पोलादी टेपच्या टोकाला ओला खडू फासून, वाळवून, तुम्ही तो विहिरीत सोडलात. वर ओढल्यावर खडूचा रंग जिथं बदलला होता तिथं बोट ठेवून मला म्हणालात, "वाच." मी वाचला. तुम्ही वहीत लिहिलात. आकड्यापुढं शेऱ्याचा रकाना असायचा. तिथं तुम्ही काहीही लिहायचात. शेजारच्या वावरात नवा बोअर पडला. विहिरीत कासव दिसलं. मालक आजारी, पोरगा भेटला. पाणी गोड होतं, आता मचूळ लागतंय. सव्वीस वर्षांच्या वह्या होत्या. त्या सगळ्या तुम्ही दीड वर्ष खपून एका बोटानं कॉम्प्युटरात उतरवल्यात. उतरवून झाल्यावर मला विचारलंत, "आता ह्या वह्या ठेवू का? माळ्यावर वाळवी लागायलीय." मी म्हणाले, "कशाला अप्पा? कॉम्प्युटरात आहे की सगळं. त्याला वाळवी लागत नाही." पुढचे कित्येक दिवस आईनं बंबात वह्याच घातल्या. त्या पाण्यानं मीही अंघोळ केली.

दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात मी लिनक्सची सीडी घेऊन घरी आले. हॉस्टेलवर दोघीतिघींच्या घरी ते होतं आणि माझ्या घरी नव्हतं, एवढंच कारण होतं. मी तुम्हाला समजावून सांगितलं की डिस्क एकच असते, चाळीस जीबीची. तिचे आता दोन भाग आहेत, पंधराचा एक, त्यात विंडोज, आणि पंचवीसचा दुसरा, त्यात तुमच्या विहिरी. त्या पंचवीसमधले दहा कापून मला पाहिजेत. तुम्ही ऐकून घेतलंत नि म्हणालात, "म्हंजे वाटणी." मी म्हणाले, हाव. "मग आधी मोजणी कर. नकाशा काढ." कपाटातून आलेखाचा कागद काढलात, पट्टी काढलीत, पेन्सिलीला टोक केलंत. एक जीबीला अर्धा सेंटीमीटर धरून तुम्ही वीस सेंटीमीटरची पट्टी आखलीत आणि तिच्यावर रेघा मारल्यात. पंधरा विंडोजला. पंधरा विहिरींना. उरलेल्या दहाचे मी तीन तुकडे सांगितले. सहा लिनक्सला, तीन माझ्या फायलींना, एक स्वॅपला. "स्वॅप काय असतंय?" मी सांगितलं, मेमरी भरली की तात्पुरतं ठेवायची जागा. "म्हंजे ओसरी," म्हणालात, आणि त्या तुकड्यात बारीक अक्षरात तसंच लिहिलंत. त्या दिवशी आपण तास-दीड तास त्या कागदावर वाकून बसलो होतो. आई दोनदा जेवायला बोलवून गेली. आजवर मी पुष्कळ जणांना भाग पाडायला शिकवलंय. आधी कागदावर काढा, असं सांगणारं मला तुमच्यानंतर कुणी भेटलं नाही.

कागद घडी घालून मला देताना तुम्ही बजावलंत. "उद्या चाकूरला मयतीला जायचंय. आल्यावर दुकानातून माझ्या फायली सीडीत घेऊ. मग कर. माझ्यासमोर कर." मी म्हणाले, "त्याची गरज नसते अप्पा, हे सुरक्षित असतं." तुमचा आवाज चढला. माझ्यावर तो क्वचितच चढायचा. "तुला गरज नसंल. माझी सव्वीस वर्षं हायत त्यात." मला राग आला. तिथं मला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं आणि तेच नेमकं तुम्ही मानत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळी गेलात. आई शेजारी पापड लाटायला गेली. वीज रोज चारला जायची. मी एक वाजता सीडी घातली. माझा हिशोब होता की तीनपर्यंत उरकेल, तुम्ही संध्याकाळी याल तेव्हा दोन्ही चालू दाखवीन आणि तुम्ही तोंडात बोटं घालाल. तुमचा कागद मी मांडीवर ठेवला होता. पंचवीसचा भाग लहान करायला सांगितला, आणि हळूहळू सरकणारी ती पट्टी बघत बसले. अर्ध्यावर असताना वीज गेली. दोन वाजून काही मिनिटं झाली होती. यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली होती, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

पाच वाजता वीज आली. मी मशीन चालू केलं तर विंडोज उठेना. सीडीवरून परत त्या पडद्यावर गेले. तिथं भागांची यादी यायला पाहिजे होती, ती कोरी. मला वाटलं, गेलं सगळं. आज मला माहीत आहे की गेलं नव्हतं. त्या क्षणी मी मशीन बंद करून हात मागं घेतला असता तर तुमच्या बहुतेक विहिरी आहेत तिथं होत्या. फक्त त्यांच्यापर्यंत जायची यादी मोडली होती. पण माझ्या डोक्यात एकच होतं, तुम्ही याल तेव्हा मशीन निदान चालू तरी दिसलं पाहिजे. मी सगळी डिस्क पुसून टाका हा पर्याय निवडला. त्यानं विचारलं, नक्की? मी हो म्हणाले. ते नवे भाग पाडून फायली उतरवत होतं, अर्ध्याच्या पुढं गेलं होतं, आणि दारात लुनाचा आवाज आला. मी भिंतीतला प्लग उपसला.

तुम्ही मयतीहून आलेले, अंगणात पाय धुतलेत, डोक्यावरून पाणी घेतलंत. आत येऊन विचारलंत, "काय करायलीस माय?" मी म्हणाले, "अप्पा, मशीन आपोआप बंद पडलं. मी नुसतं चालू केलं होतं. डिस्क खराब निघाली बहुतेक." इतकं सहज निघालं तोंडातून. तुम्ही टॉवेल हातात धरून उभे होता. "माझ्या विहिरी?" मी म्हणाले, गेल्या. तुम्ही खाटेवर बसलात. मला वाटलं तुम्ही विचाराल की सीडी घातली होतीस का. तुम्ही विचारलंत, "तुझं काही गेलं न्हाई ना त्यात?" मी नाही म्हणाले. "बरं झालं," म्हणालात. तुमच्या केसांतलं पाणी शर्टावर गळत होतं आणि ते पुसायचं तुमच्या लक्षात नव्हतं.

सकाळी तुम्ही डिस्क काढून पिशवीत घेतलीत आणि मलाही दुकानात नेलंत. तिथलं सगळं तुम्ही बघितलं आहे, पण जे तुम्हाला दिसलं नाही ते सांगते. तुमच्या मित्रानं, म्हणजे काकांनी, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली. मशीननं ती लगेच ओळखली. पडद्यावर कालचे ताजे लिनक्सचे भाग आले. तुम्ही काउंटरच्या अलीकडं होता, तुम्हाला पडदा दिसत नव्हता. काकांनी बोलायला तोंड उघडलं, "अप्पा, डिस्क तर चांगली..." आणि माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग त्यांनी केबल काढली आणि म्हणाले, "न्हाई. खराबच हाय. लई वाईट झालं."

तुम्ही तुमच्या मित्राला चारचौघांत इतकं बोललात. शाळेपासूनची ओळख, एका बाकावर बसलेलो, आणि मला असला माल गळ्यात मारलास. ते ऐकत राहिले. नवी डिस्क डब्यातून काढून समोर ठेवली, तुम्ही तिला हात लावला नाहीत, जुनीही तिथंच काउंटरवर टाकून निघालात. बाहेर येऊन लुनाला किक मारताना तुमचा पाय दोनदा घसरला. त्यानंतर त्या दुकानाची पायरी तुम्ही चढला नाहीत, आणि कॉम्प्युटरवर आईचं जुनं लुगडं पडलं ते तसंच राहिलं. पुढच्या अमावास्येला तुम्ही टेप घेऊन निघाला होता म्हणे. आई सांगायची. रेणापूरपर्यंत गेलात आणि तिथूनच परत आलात. "आता कुठून सुरू करू," एवढंच म्हणालात तिला.

हे इथंच संपलं असतं तर मी स्वतःला लहान वय, घाबरले, असं काहीबाही सांगून निभावलं असतं. पण शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी प्रयोगशाळेत एका डिस्कचे सगळे भाग आमच्यादेखत पुसले, आणि पाव तासात परत आणून दाखवले. ते म्हणाले, भाग पुसला म्हणजे आतलं पुसलं असं नसतं. वरून नवं लिहिलं गेलं असलं तरी जिथं लिहिलं तेवढंच जातं, बाकीचं शोधता येतं. मी वही मिटली. वरून किती लिहिलं गेलं होतं ते मला माहीत होतं. चाळीसमधले दोन, फार तर तीन. त्याच शनिवारी मी नांदेडहून लातूरची एसटी धरली. पूर्ण रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. घरी आले तर तुम्ही सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. "सुट्टी हाय का?" मी हाव म्हणाले. तुमच्यासमोर बसून मीही शेंगा सोलल्या. सांगायचं तर डिस्क मित्राकडं आहे हे सांगावं लागणार होतं, म्हणजे तुम्हाला त्यांच्या दारात जावं लागणार होतं, आणि त्याआधी माझ्याकडं बघावं लागणार होतं. रविवारी दुपारी मी परत गेले. आईनं बांधून दिलेले धपाटे मी गाडीत खाल्ले. त्यानंतर तुम्ही दहा महिने जगलात. त्या दहा महिन्यांत मी सात वेळा घरी आले. कुणी विचारलेलं नाही, पण मी मोजलंय.

तुम्ही गेलात त्या दिवशी काका आले होते. दारातच आईनं त्यांना विचारलं, "तुम्ही कशाला आलात?" मी आईच्या मागं उभी होते. ते चप्पल न काढता तसेच मागं वळले आणि रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली जाऊन उभे राहिले, तुम्हाला नेईपर्यंत. आईही आता नाही. तिलाही मी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मला एका मुलीचा फोन आला. शिकतेय, रेणापूर-चाकूरकडच्या गावांत पाणी कसकसं खाली गेलं त्याचा अभ्यास करतेय. अलीकडचे बोअरचे आकडे तिला मिळाले होते, जुन्या विहिरींचे सलग कुठंच मिळत नव्हते. ती म्हणाली, "मॅडम, तीन गावांत म्हाताऱ्या माणसांनी तुमच्या वडिलांचं नाव घेतलं. दर अमावास्येला यायचे म्हणतात. त्यांनी लिहून ठेवलेलं काही आहे का तुमच्याकडं? कसंही असलं तरी चालेल." तुम्ही असता तर खाटेवरून उठून बसला असता. तुमच्या सव्वीस वर्षांत असं कुणी विचारायला आलं नव्हतं. मी म्हणाले, बघते, थोडा वेळ द्या.

त्याच आठवड्यात रविवारी लातूरला गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत, काका मागच्या घरात असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण मला आवाजावरून ओळखलं. "ये माय, बस." मी बसले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. त्यांनीच विचारलं, "डिस्कसाठी आलीस?" मी हो म्हणाले. ते उठून आत गेले. बराच वेळ खुडबुड ऐकू आली, आणि कागदात गुंडाळलेली डिस्क घेऊन आले. वरती तुमचं नाव बॉलपेननं लिहिलेलं होतं. मी विचारलं, "तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही अप्पांना?" ते म्हणाले, "तू खाली बघितलीस ना. म्हणलं, लेक हाय, घरी जाऊन सांगंल. मी वाट पाहिली." मग विचारलं, "सांगितलीस का?"

"नाही."

"कधीच न्हाई?"

"नाही, काका."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. चहा आला, आम्ही दोघांनी प्यायला. मी माफ करा म्हणाले, तर ते म्हणाले, "मला कशाला म्हणायलीस? माझं काय, माझा दोस्त गेला तेवढंच." निघताना ते दारापर्यंत आले नाहीत.

नांदेडला येऊन मी डिस्क जोडली. जुन्या तारा कॉलेजातून आणल्या होत्या. तिनं दोनदा कट्‌ कट्‌ असा आवाज केला आणि गप्प झाली. थंड करून बघितली, बाजू बदलून बघितली, दुसरं मशीन लावून बघितलं. हैदराबादला अशा डिस्क उघडून बघणारे लोक आहेत, त्यांच्याकडं पाठवली. पंधरा दिवसांनी परत आली. आतल्या तबकडीवरचा थर खरवडून निघालाय, काही मिळणार नाही, असं त्यांनी लिहून दिलंय. अठरा वर्षांपूर्वी, सरांनी दाखवलं त्या आठवड्यात, मिळालं असतं.

आता दुपार होत आलीय. मघाशी उठून त्या पडद्यावर मी सगळी डिस्क पुसून टाका हेच निवडलं. या मशीनवर कुणाचं काही नाही. मी एकटीच असते, माझे चार कागद आहेत, ते दुसरीकडं आहेत. पट्टी सरकायलीय. ही वही मी कपाटात ठेवून देईन. अजून काय करणार, तुमचा काही पत्ता नाही.

एकच सांगायचं राहिलं. त्या मुलीचा गुरुवारी परत फोन आला. खरं सांगायचं मी ठरवलं होतं, की लिहिलं होतं, सगळं होतं आणि ते माझ्या हातानं गेलं. तिनं विचारलं, "मॅडम, वडिलांचं काही सापडलं का?" मी म्हणाले, "नाही, त्यांनी तसं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. ते नुसते खात्याच्या कामाला जायचे. गावातल्या लोकांची काहीतरी गल्लत झाली असेल." ती म्हणाली, "मलाही तसंच वाटलं मॅडम, म्हातारी माणसं काहीही सांगतात." मी हो म्हणाले, अप्पा.